एप्रिलचा गोवा : भाण, लवणी आणि बॅरल

काजूच्या हंगामातला गोवा बघायचा, हे बरीच वर्षं मनात होतं. काजूची दारू, म्हणजे फेणी, गाळायच्या भट्ट्या साधारण मार्च ते मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेटलेल्या असतात, पाऊस आला की खेळ खलास. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ऊर्ध्वपातनाची आकृती फळ्यावर काढून हात दुखले, पण खरीखुरी भट्टी कधी पाहिली नव्हती. नवरा व्हिस्कीचा भोक्ता, त्याला कुंकळ्ळीची पॉल जॉन डिस्टिलरी बघायची होती. दोघांचे हट्ट एकाच सहलीत बसवले. गाडी चालवायला माझा दोडामार्गचा मामेभाऊ, दादा, आला, आणि तो माळकरी असल्यामुळे 'आज कोण पिणार नाही' हा वाद शेवटपर्यंत निघाला नाही.

बुधवार : आजरा, आंबोली, दोडामार्ग

कोल्हापुरातून पहाटे निघालो. आंबोलीत धुकं होतं, सावंतवाडीत उतरेपर्यंत अंगाला शर्ट चिकटला. दुपारी मामाच्या घरी ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. कोकणात एप्रिलमध्ये कुणाच्या घरी जेवायचा योग आला तर ही उसळ सोडू नका. सोललेला ओला गर बाजारात महाग असतो, कारण सालीतला चीक हाताची कातडी सोलून काढतो आणि सोलणाऱ्यांची बोटं काळी पडतात.

जेवणानंतर बागेत गेलो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातली चार आणि सात नंबरची कलमं, फांद्या ओझ्याने वाकलेल्या. झाडाखाली बी पिळून काढलेल्या बोंडवांचे, म्हणजे काजूच्या फळांचे, ढीग, त्यावर माश्यांचा घोंघाट आणि आंबूस-गोड वास. बी विकली जाते, बोंडू तिथेच कुजतो. गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. मामाने ढिगाकडे हात करून सगळं अर्थकारण चार शब्दांत सांगितलं : "हंय कुजतत, थंय शिजतत."

काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे फेणी हे नाव फक्त गोव्यात गाळलेल्या दारूला लावता येतं. 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. आपल्याकडे घरी भट्टी लावली तर पोलीस येतात. झाड तेच, जमीन तीच, मधे एक रेघ. खरं तर हे झाडही मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणलेलं.

एक पिकलेला बोंडू चावून बघितला. आधी गोड रस, आणि लगेच घसा धरला, जीभ कोरडी पडली. हा टॅनिन या तुरट द्रव्याचा गुण. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुरुवार : सत्तरीतली भट्टी

सकाळी साखळीवरून सत्तरी तालुक्यात शिरलो. मामाच्या ओळखीने एका बागायतदार काकांकडे जायचं होतं. सरकार दरवर्षी काजूच्या पट्ट्यांची पावणी म्हणजे लिलाव करतं, पट्टा ज्याला मिळेल त्याची त्या हंगामापुरती भट्टी. काकांची भट्टी ओढ्याच्या कडेला, माडाच्या झावळ्यांच्या माटवात. लांबूनच धूर आणि वास. फेणीचा वास ज्यांना सहन होत नाही त्यांनी तिथे उभं राहून बघावं. बाटलीत जो नाकात घुसतो, तोच तिथे पिकलेल्या फळाचा, ओल्या मातीचा आणि सरपणाचा होऊन येतो.

बोंडू झाडावरून तोडायचा नाही, आपणहून पडलेलाच वेचायचा. टोकाला खिळा मारलेल्या काठीने काकी एकेक टोचून टोपलीत टाकत होत्या, कमरेत न वाकता. बी तिथल्या तिथे पिरगळून वेगळी. मग कातळात कोरलेल्या उथळ कुंडीत पोरगा पायाने तुडवतो. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलंय, इथे अजून पाय आहेत. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग रानवेलीने आवळायचा, वर दगड ठेवायचे, आणि रात्रभर जो थेंबथेंब रस गळतो तो नीरो. काकींनी तांब्याभर नीरो दिला. गार, गोड, किंचित तुरट. उन्हात चालून आलेल्या माणसाला दुसरं काही लागू नये.

तुडवलेला रस पिंपात तीनेक दिवस आंबतो. यीस्ट वगैरे काही घालत नाहीत, फळाच्या सालीवर असतं तेच काम करतं. मी पिंपावर वाकले तर आत बारीक सरसर आवाज येत होता, वर पिवळट फेस. या टप्प्यावर त्यात जेमतेम पाचसहा टक्के अल्कोहोल.

मग भाण. तांब्याचा मोठा हंडा जांभ्या दगडाच्या चुलीवर बसवलेला. तोंडावर झाकण, सांध्याला कापड आणि वारुळाची माती लिंपलेली. तिथून नळी निघून लवणीत, म्हणजे मातीच्या मडक्यात, जाते. लवणी पाण्यात, आणि एक माणूस करवंटीच्या डवल्याने तिच्या अंगावर सतत पाणी ओतत बसलेला. हल्ली बहुतेक भट्ट्यांत लवणीच्या जागी पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची वेटोळी असतात. माझ्या प्रयोगशाळेतला काचेचा कंडेन्सर आणि ही लवणी, काम एकच : वाफ थंड करून तिचा पुन्हा द्रव करायचा.

काका बोलणारे नव्हते. चुलीतलं लाकूड मागे ओढता ओढता एकच वाक्य पुन्हा पुन्हा : "उजो ल्हवू ल्हवू." विस्तव हळूहळू. त्यात सगळं शास्त्र आहे. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, पाणी 100 ला, म्हणून आधी निघणाऱ्या वाफेत अल्कोहोल जास्त. पण रसात फक्त ही दोघं नसतात. अॅसिटाल्डिहाइड, इथाइल अॅसिटेट असली हलकी, नेलपॉलिशसारखा भपका मारणारी मंडळी सगळ्यांत आधी वर येतात. जड, तेलकट अल्कोहोलं मागाहून, भाणातलं अल्कोहोल संपत आलं की. मधला भाग चांगला. विस्तव वाढवला की ही रांग मोडते, सगळे एकदम घुसतात, कधी फेससुद्धा नळीत चढतो आणि दारूला करपट वास लागतो. काकांनी पहिली ओंजळभर धार चुलीत भिरकावली. भपकन निळी ज्योत उठली. थर्मामीटर कुठेच नाही, बोट नळीला लावून आणि नाक जवळ नेऊन चाललेलं.

पहिल्या गाळपातून निघते ती उर्राक. साधारण पंधरा टक्के, फळाच्या अगदी जवळची. काकांच्या पोराने ग्लासात उर्राक, वर लिम्का, उभी चिरलेली हिरवी मिरची, मीठ, लिंबू असं करून दिलं. मिरची उगाच नाही. उर्राकेला एक धुरकट गोडवा असतो, तिखटाने तो उठून दिसतो. नवरा, जो आयुष्यात व्हिस्कीत बर्फही टाकत नाही, त्याने मुकाट्याने दुसरा ग्लास पुढे केला.

फेणी करायची तर याच उर्राकेत नवा रस मिसळून पुन्हा भाणात चढवायची. यावेळी निघते ती जोरदार. तिचा जोर ग्राव या पोर्तुगीज काळापासूनच्या मापात मोजतात, पण काका आधी बाटली हलवून वरचे बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघतात, मग मापक बुडवून आपलं खरं करून घेतात. विक्रीच्या फेणीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असतं.

ताज्या फेणीचा थेंब जिभेवर ठेवला आणि बुधवारचा बोंडू आठवला. घसा धरला नाही! तुरटपणाचा मागमूस नाही. टॅनिनला वाफेवर स्वार होता येत नाही. ते, साखर आणि रंग भाणातच राहतात. वर येतात ते उडणारे पदार्थ, त्यातही फळांचा वास देणारे एस्टर भरपूर. म्हणून फेणी पाण्यासारखी स्वच्छ दिसते आणि वास मात्र अख्ख्या बागेचा असतो. भाण म्हणजे चाळणी, आणि कुठल्या मापाची चाळणी वापरता त्यावर दारूची चव ठरते. व्होडका ज्यात गाळतात तो उंच स्तंभ हीच चाळणी इतकी बारीक करतो की 95-96 टक्क्यांचा जवळजवळ निर्गंध स्पिरिट निघतो. एनियास कॉफी या आयरिश माणसाने 1830 मध्ये तसल्या सलग चालणाऱ्या स्तंभाचं पेटंट घेतलं आणि कारखान्यांचं भलं झालं. फेणी मुद्दाम निम्म्याच्या आत थांबते, कारण तिला वास घालवायचाच नाही.

चारच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. आम्ही माटवात हरखलेलो, मातीचा वास वगैरे. काकांचा चेहरा उतरला. पावसाने बोंडू पाणी धरतो, रस पातळ होतो, साखर कमी म्हणजे अल्कोहोल कमी, आणि सरपण तेवढंच जळतं. असे आणखी दोन पाऊस पडले की भाण उतरवायचे, असं काकी म्हणाल्या आणि झाकायला प्लास्टिक घेऊन धावल्या.

भट्टीवर जाणाऱ्यांसाठी : आधी कुणाकरवी निरोप पाठवा, थेट जाऊन कॅमेरा काढू नका. जुन्या चपला घाला. ओल्या बीला हात लावून डोळे चोळू नका. उर्राक टिकत नाही, ती तिथेच प्यायची चीज आहे. आणि भट्टीवरची धार कितीही आग्रह झाला तरी घोटापुरतीच. फेणी थोडे महिने ठेवल्यावर निवळते.

शुक्रवार : पणजी आणि कांदोळी

पणजीत नाश्त्याला रस आमलेट, म्हणजे आमलेटावर शाकुतीचा रस्सा आणि सोबत पाव. दुपारी कांदोळीचं 'ऑल अबाउट अल्कोहोल' संग्रहालय, 2021 मध्ये सुरू झालेलं. जुनी मापं, मातीची भांडी, बाटल्या. मला अडकवलं ते गराफांवांनी. गराफांव म्हणजे काचेचा पोटाळ मोठा बाटला. जुन्या गोवेकर घरांत फेणी यातच वर्षानुवर्षं पडून असायची. काच स्वतःची चव काहीच देत नाही, पण काळ आपलं काम करतो : आम्लं आणि अल्कोहोल यांची आत हळूहळू प्रक्रिया चालू राहते, भपकेदार हलके घटक उडतात, धार बोथट होते. फेणीची फेणीच राहते, फक्त भांडत नाही.

आता काही जण फेणी लाकडी पिपात मुरवतात. संध्याकाळी पणजीच्या एका बारमध्ये तशी चाखली. सोनेरी रंग, व्हॅनिलाचा वास, आणि मागे कुठेतरी बुजलेला काजू. वाईट नव्हती. पण मला विचाराल तर उगाच. ज्या दारूकडे स्वतःचं सांगण्यासारखं एवढं आहे तिला लाकडाचा आवाज कशाला हवा? त्याच बारवाल्याने मग दुखशिरी काढली, अनंतमुळाच्या मुळ्या भाणात घालून पुन्हा गाळलेली फेणी. पहिल्या घोटाला ओल्या मातीचा, मुळांचा वास, शेवटी औषधाची आठवण. सर्दी झाल्यावर गोव्यातल्या आज्या हीच देतात, असं तो म्हणाला. मला सर्दी नव्हती, तरी घेतली.

शनिवार : कुंकळ्ळी

पॉल जॉनची भेट आधी ठरवून घ्यावी लागते, तेवढं करा. डिस्टिलरी दक्षिण गोव्यात, मडगावच्या पुढे. 2012 मध्ये यांची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या सातूपासून केलेली व्हिस्की, आधी लंडनमध्ये बाजारात आली, आपल्याकडे नंतर. धान्य म्हणजे भारतीय सहा-ओळी सातू, कणसावर दाण्यांच्या सहा रांगा असलेली बार्ली. यात स्टार्च थोडा कमी आणि टरफल-प्रथिनं जास्त, त्यामुळे चव दाट येते असं मार्गदर्शक मुलगी सांगत होती.

तांब्याचे भाण इथेही. उंचीला दोन मजले, चकचकीत, पण तत्त्व सत्तरीतलंच, गाळपही दोनदा. तांबं दिसायला छान म्हणून नाही. आंबवलेल्या धान्यातले गंधकाचे उग्र घटक तांब्याला चिकटून मागे राहतात. मान जितकी उंच तितकी जड वाफ थंड होऊन परत खाली पडते, दारू हलकी होते. डोकं आणि शेपूट, म्हणजे पहिली आणि शेवटची धार, इथेही कापतात, फक्त भिरकावायला चूल नाही, सगळं मोजून पुढच्या गाळपात जातं. नव्याने गाळलेला स्पिरिट आम्हाला हुंगायला दिला. पाण्यासारखा पारदर्शक, ओल्या सातूचा आणि फळांचा वास. इथवर तो आणि फेणी चुलत भावंडं.

फरक पडतो जमिनीखालच्या कोठारात. दार उघडल्याबरोबर दमट, गोडसर हवा अंगावर आली, आणि समोर पिपांच्या रांगा. ही पिपं अमेरिकेतून आलेली. बर्बनला, म्हणजे तिकडच्या मक्याच्या व्हिस्कीला, दरवेळी नवंकोरं, आतून जाळलेलं ओकचं पीपच लागतं असा तिकडचा कायदा, त्यामुळे एकदा वापरलेली पिपं जगभर विकली जातात. जाळल्याने लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन होतं, हेमिसेल्युलोजच्या साखरा कॅरमल होतात, आणि ओकच्या लॅक्टोनमुळे खोबऱ्याचा वास येतो. भाणाने मागे ठेवलेलं टॅनिन व्हिस्कीत इथे परत शिरतं, फळातून नव्हे तर लाकडातून. रंगही इथलाच.

गोव्याचं हवामान या कामाला घाई लावतं. उकाड्यात दारू लाकडात खोल शिरते, गारव्यात बाहेर येते, आणि पिपातून वाफही सतत जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के उडते, गोव्यात आठच्या आसपास. मी तिथेच मोबाईलवर हिशेब केला : दोनशे लिटरच्या पिपात पाच वर्षांनी इथे 132 लिटर उरतात, स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांनीही 157. बारा वर्षं इथे ठेवली तर उरेल जेमतेम 74, तीही लाकूड उकळून प्यायल्यासारखी. म्हणून लेबलावरचा वयाचा आकडा बघून इथली दारू जोखणं चुकीचं आहे. शिवाय कोकणपट्टीची हवा इतकी दमट की पाण्यापेक्षा अल्कोहोलच जास्त उडतं. नवरा मात्र उडालेल्या लिटरांचीच हळहळ करत बसला.

चाखायला ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड, तिन्ही 46 टक्क्यांच्या. ब्रिलियन्समध्ये मध आणि सातू. बोल्डमध्ये धूर. सातू वाळवताना पीट, म्हणजे दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा, जाळतात, त्याचा धूर दाण्याला बसतो, आणि तो दोन गाळपांतून तावून सुलाखून बाटलीपर्यंत पोचतो, कारण धुरातले फिनॉल उडणारे असतात. टॅनिनला जे जमत नाही ते धुराला जमतं. नवऱ्याला बोल्ड आवडली. मला ब्रिलियन्स, पाण्याचे चार थेंब टाकून. दादाने तीन ग्लास फक्त हुंगले आणि धुराच्या ग्लासावर बोट ठेवलं : "भावोजी, हो आमच्या मांगराचो वास."

मांगर म्हणजे रानातलं, धुराने माखलेलं खोपटं. बरोबरच होतं त्याचं.

रविवार : बाणावली, आणि परत

सकाळी बाणावलीला एका रेंदेराला गाठलं. माड चढणारे आता फार थोडे राहिलेत. कमरेला काती, पाठीवर भोपळ्याचं दुदिणं, आणि झरझर वर. पोयीच्या, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याच्या, टोकाशी बांधलेल्या मडक्यातली सूर, म्हणजे माडी, त्याने खाली आणून ओतली. सकाळची सूर गोड, फसफसणारी. ऊन तापलं की आंबट. तीच गाळली की माडाची फेणी. काजूच्या मानाने ती खूपच गप्प, मऊ, किंचित आंबूस. उत्तरेकडचे लोक काजूची पितात, दक्षिणेकडच्या सासष्टी तालुक्यातली जुनी माणसं माडाचीच फेणी खरी म्हणतात. हा वाद सोडवायच्या भानगडीत मी पडले नाही. उरलेली सूर आंबवून व्हिनेगर होतं. ते एक बाटली घेतलं, सोबत फणस.

दारू मात्र एकही बाटली नाही. गोव्यात विकायची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि 'गोवा बनावटीची दारू जप्त' ही बातमी सिंधुदुर्गाच्या पेपरात हवामानाच्या अंदाजाइतकीच नियमित असते. इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावली. शिपायाने व्हिनेगरची बाटली उचलली, बूच काढून हुंगली, डोळ्यांत पाणी आलं, आणि काही न बोलता परत ठेवली. दादा सावंतवाडीपर्यंत हसत होता.

जाणार असाल तर : उर्राकेसाठी होळीनंतर लगेच जा, फेणी होताना बघायची तर एप्रिलमध्ये, पण वळवाच्या आधी. सत्तरीत दिवस पूर्ण ठेवा, कांदोळीला अर्धा पुरतो. चाखण्याचा क्रम आधी उर्राक, मग फेणी, मग व्हिस्की असाच ठेवा, उलटा केला तर लाकडाची चव जिभेवर बसते आणि उर्राक फिकी लागते. फेणी बर्फाशिवाय घ्या, नाक ग्लासात न खुपसता वरूनच हुंगा. आणि गाडी चालवायला एक माळकरी मामेभाऊ शोधून ठेवा.